शिक्क्याबाहेरची मात्रा

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी आहे, असं कुणी विचारलं तर मी आवक-जावक काकांचं नाव घेईन. माझे आईवडील याला हरकत घेणार नाहीत. वडील तर माझ्या आधी तेच नाव सांगतील. सोलापुरात शुक्रवार पेठेत ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहून मी पदवीधर झालो, ते हे घरमालक. आमच्या घरात माझ्या आधी कुणाला सही येत नव्हती.

शनिवारी मी त्यांना एक पत्र टाकलं. आज बुधवार आहे. बार्शीहून सोलापूरला पत्र जायला एक दिवस लागतो, फार तर दोन. काका आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर टाकतात. म्हणजे काहीतरी झालेलं आहे, एवढं मला कळतं. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना आज मी दोनदा चुकलो. म्हणून बसून हे लिहितो आहे. त्यांच्याविषयी लिहिताना निदान चूक तरी होत नाही.

काका एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेलं पत्र एका वहीत चढवायचं, जाणारं पत्र दुसऱ्या वहीत, एवढंच काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं. वरची जागा देऊ केली तेव्हा त्यांनी नको म्हणून कळवलं. वरच्या टेबलावर नुसते निर्णय होतात, पत्र तिथपर्यंत येईतो त्यातला माणूस गेलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. ही शिस्त त्यांनी घरी आणली होती. दारामागे खुंटीला सुतळीनं बांधलेली लांबट वही टांगलेली असे. घरी येणारं कार्ड, पाकीट, लग्नपत्रिका, सगळं तिच्यात चढायचं. आधी शिक्का, मग नोंद, मग वाचन. शिक्का त्यांनी स्वतःच्या हौसेनं करवून घेतला होता. चौकोनी, आत ‘आवक’ आणि खाली तारखेपुरती जागा. पत्त्याची बाजू वर ठेवून डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ते तो दाबत आणि जरा वेळ दाबूनच धरत. जांभळी शाई नीट मुरली की मगच कार्ड उलटायचं.

काकू म्हणायच्या, “यांना वरचं बोलावणं आलं तरी आधी शिक्का मारतील, मग बघतील कुणाला बोलावलंय ते.”

“ऐकलं,” काका म्हणायचे, आणि मग हसायचे. पोच दिल्याशिवाय ते हसतही नसत.

पोच हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून वीसदा यायचा. मी पहिल्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन जिना चढत होतो तेव्हा खालून आवाज आला, “तिसरी पायरी निसटती आहे. जपून.”

मी मान हलवली.

“मान हलवू नका. मान वाऱ्यानंही हलते. तोंडानं सांगा.”

“हो.”

“काय हो?”

“तिसरी पायरी निसटती आहे.”

“आता पोचलं.”

मी खेड्यातून आलेला, जेऊर स्टेशनापासून चार कोसांवरचा. आमच्याकडे मोठ्या माणसापुढं तोंड उघडलं की उद्धट ठरतो, आणि इथं मान हलवली तर उद्धट. पहिले कितीतरी दिवस मी जिन्यावरून चोरासारखा जायचो-यायचो. काकांनी काही विचारू नये आणि मला पोच द्यायला लागू नये, एवढीच इच्छा असायची.

शेजारी एक विणकर कुटुंब होतं. पहाटे त्या घरातली बाई भिंतीपलीकडून ओरडायची, “काका, नल्ला वच्चिंदी.” म्हणजे नळाला पाणी आलं. काकांना तेलुगूचा हा एवढाच शब्द येत होता. तेही इकडून तेवढ्याच जोरात ओरडायचे, “वच्चिंदी.” मी एकदा भीत भीत विचारलं, मराठीत सांगितलं तर त्यांना कळणार नाही का? काका म्हणाले, “कळेल हो. पण ज्या बोलीत आलं त्या बोलीत पोच द्यावी. म्हणजे तिला वाटतं, आपलं नुसतं पोचलं नाही, घरात घेतलं.”

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी ते सहसा चिठ्ठीनंच बोलत. कचेरीतून आलेली जुनी पाकिटं उलटी करून त्यांच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी दाराच्या कडीत खोचलेली असे. पहिली मला अजून पाठ आहे. ‘रा. रा. भाडेकरू यांस. आपल्या खोलीतील खिडकी वाऱ्याने आपटते. कडी लावावी. कळावे.’ बस्स. नुसतं कळावे. मी ती चिठ्ठी काकूंना दाखवली आणि घाबरून विचारलं, काका रागावलेत का. काकू गहू निवडत होत्या. म्हणाल्या, “अरे, अजून तू परका आहेस. परक्याला कळावे. ओळखीच्याला लोभ असावा. आणि घरच्याला, लोभ आहेच तो वाढावा. त्यांची शिडी आहे ती. चढशील हळूहळू.”

त्यानंतर मी प्रत्येक चिठ्ठी शेवटून वाचायला लागलो. खिडकी, दिवा, न्हाणीघरातली बादली, कशाविषयी आहे ते नंतर. आधी शेवटची ओळ. सात-आठ महिने कळावे चाललं. मग दिवाळीच्या सुट्टीहून परत आलो तर दारात चिठ्ठी होती, ‘खोली सारवून ठेवली आहे. कळावे. लोभ असावा.’ मी ती ट्रंकेत परीक्षेच्या पावतीबरोबर ठेवली. आजही आहे.

खोली देताना त्यांनी भाड्याखेरीज एकच अट घातली होती. दर रविवारी घरी पत्र लिहायचं. मी म्हणालो, घरी कुणाला वाचता येत नाही. ते म्हणाले, “शाळेतले गुरुजी वाचतील, पोस्टमन वाचेल. वाचणाऱ्याची काळजी लिहिणाऱ्यानं करू नये.” मग रविवारी सकाळी काका खाली त्यांची पत्रं लिहायचे आणि मी वर माझी. वडील गुरुजींकडून उत्तर लिहून घ्यायचे. गुरुजी शुद्ध लिहायचे, पण मधूनच वडिलांचं बोलणं जसंच्या तसं उतरायचं. ‘आम्ही सर्व खुशाल आहोत. तू पोटाला नीट खातोस का न्हाय ते कळवावे.’ त्या ‘न्हाय’जवळ मी दरवेळी थांबायचो.

मग दुष्काळाचं दुसरं वर्ष आलं. आईवडील दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते, हे मला गावाकडून आलेल्या एका माणसाकडून कळलं. पत्रात त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं. मी ट्रंक भरली. काकांना म्हणालो, मी कॉलेज सोडतो, उद्याच्या गाडीनं जातो.

काकांनी समजूत घातली नाही. एक कोरं कार्ड पुढं केलं. “आधी वडिलांना कळवा. असं असं आहे, मी शिक्षण सोडून येतो आहे. कार्ड पेटीत टाका आणि खुशाल जा.”

मी वर जाऊन बसलो. तीर्थरूप आण्णांस शिरसाष्टांग नमस्कार, एवढं झालं. पुढची ओळ होईना. शिक्षण सोडून हे दोन शब्द गुरुजी मोठ्यानं वाचतील आणि ओट्यावर बसलेले वडील ऐकतील, हे डोळ्यांपुढून जाईना. दुपारी काकांनी खालून विचारलं, “झालं का?”

“नाही काका. लिहिताच येत नाही.”

“मग करूही नका,” ते म्हणाले. “जे ज्याला सांगायचं त्याला लिहिता येत नाही, ते करायचं नसतं. आणि जे लिहिल्यावाचून राहवत नाही, ते लपवायचं नसतं. ट्रंक सोडा.”

मी ट्रंक सोडली. पुढं पास झालो. निकालाच्या दिवशी वडील सोलापूरला आले, दारात चप्पल काढून उभे राहिले आणि काकांना म्हणाले, “मालक, पोरगं तुमचंच हाय आता.”

काका उभे राहिले. “ऐकलं,” म्हणाले. आणि मग, वडिलांच्याच बोलीत, “व्हय, माजंच हाय.” त्या दिवसापासून ते मला ‘तू’ म्हणायला लागले.

आता ज्याच्यामुळं झोप उडाली आहे ते सांगतो.

निकालानंतर नोकरीची वाट पाहत मी काही महिने तिथंच होतो. घरची जुनी वही भरली होती आणि वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. काकांनी मला ती नव्या वहीत उतरून काढायला सांगितली. त्यांच्या वहीत ज्या माणसाशी संबंध संपला त्याच्या नोंदीखाली लाल रेघ असे आणि पुढं कचेरीतला शेरा, ‘दप्तरी दाखल’. उतरवता उतरवता एका नोंदीपाशी थांबलो. ‘बार्शी. दादांचे कार्ड. चि. हिच्या लग्नाबाबत. उत्तर दिले. दप्तरी दाखल.’ इतर ठिकाणी लाल रेघ एक होती. इथं गिरवून गिरवून कागद फाटायला आला होता.

“काका, हे दादा कोण?”

काकू उठून आत गेल्या. काकांनी माझ्यापुढची वही मिटली. मग फडताळातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. दादा म्हणजे त्यांचे थोरले सख्खे भाऊ, बार्शीत त्यांचं धान्याचं दुकान. काकांना मूलबाळ नाही. दादांची मुलगी लहानपणी काकांच्याच खांद्यावर वाढली. तिचं लग्न ठरल्याचं हे कार्ड होतं. तारीख, गाडी कोणती, काकूंनी आठ दिवस आधी यावं, येताना काय आणावं, सगळं बारीक अक्षरात कडेपर्यंत भरलेलं. आणि शेवटी कळावे.

“बघ,” काका म्हणाले. “कळावे. पुढं काही नाही. सख्ख्या भावाला नुसतं कळावे? ही नोटीस झाली. आदल्या वर्षी आई गेली, तिच्या दिवसकार्यात मी त्यांना चार शब्द बोललो होतो. ते त्यांनी मनात ठेवलं.”

“मग तुम्ही काय लिहिलं?”

“कळले.”

“आणि लग्नाला?”

“नाही गेलो.” त्यांनी त्या ‘कळावे’वर बोट ठेवलं. एरवी कचेरीतल्यासारखं बोलणारा माणूस एकदम म्हणाला, “दादा असं करंल असं वाटलं न्हवतं रं.”

मी कार्ड परत देताना ते उलटं झालं. पत्त्याच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात नेहमीचा शिक्का होता. इतर शिक्के रेखीव असत, हा फुटला होता, चौकटीत नुसता जांभळा डाग. आणि चौकटीच्या वरच्या कडेतून एक बारीक तिरकी रेघ बाहेर आली होती, एखाद्या मात्रेसारखी. मला वाटलं विचारावं, काका, इथं खाली काही लिहिलं होतं का? पण त्यांनी कार्डासाठी हात पुढं केला होता. ‘तू’ म्हणायला लागून पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मी विचारलं नाही. म्हटलं, शिक्क्याचं रबर झिजलं असेल.

पुढं मला बार्शीतल्या एका शाळेत नोकरी लागली. निघताना काका म्हणाले, “तिथं कुणाला शोधत बसू नकोस.” मी “शोधत नाही” अशी पोच दिली, आणि शोधलंही नाही. गेल्या महिन्यात भुसार बाजारात ज्वारी घ्यायला एका दुकानात शिरलो. लोडाला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. ते म्हणाले, “मास्तर, खालच्या पोत्यातली घ्या, वरची किडकी हाय.”

मी मान हलवली.

“मान हलवू नगा,” ते म्हणाले. “मान वाऱ्यानं बी हलती. त्वांडानं सांगा की.”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. नंतर कळलं, हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. दोघा भावांनी सारखं वाटून घेतलेलं एवढंच राहिलं होतं.

मी शुक्रवार पेठेत काकांच्या माडीवर राहत होतो हे सांगितल्यावर म्हातारबुवांनी गड्याला चहा आणायला पाठवलं आणि दुकानात कुणी नाही असं बघून विचारलं, “बरा हाय का त्यो?”

“बरे आहेत.”

“लग्नात पोरगी मांडवाच्या दाराकडं बघत हुती. काका येनार म्हून. आमी मुहूर्त तेवडा गाठला. काका आल्याबिगर ती बोहल्यावर उभी ऱ्हाईना.” मग पुढ्यातली ज्वारी डाव्या हातानं सारखी करत, “कळले म्हून लिवलं त्यानं. एक शब्द. एवडं मी काय केलं हुतं त्याचं?”

मी धीर करून म्हणालो, “तुम्ही कार्डात लोभ असावा लिहिलं नव्हतं.”

“कोण म्हनतं?” ते सरळ बसले. “कार्ड भरलं हुतं. कळावे म्हनलं आन जागाच संपली. पत्ता घातला, पोस्टमन दारात हुबा. मग कानावरची पेन्सिल काढली आन पत्त्याच्या अंगाला कोपऱ्यात लिवलं की. लो. अ. माझ्या हातानं लिवलंय, मास्तर.” दुकानात पावत्यांवर लिहायची ती पेन्सिल त्यांच्या कानावर अजून होती. ओल लागली की जांभळी होणारी.

मला ती मात्रा आठवली.

पत्र टाकलं त्याच्या आधीच्या रविवारी मी सोलापूरला गेलो, हे तोंडानंच सांगायचं ठरवून. काकूंनी पोहे केले. काकांनी विचारलं, “बार्शीत काय विशेष?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“काही नाही, हीसुद्धा आवकच,” ते म्हणाले आणि हसले. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. कसं सांगायचं? तुमच्या भावानं लोभ पाठवला होता, आणि वाचायच्या आधी तुम्हीच त्याच्यावर शिक्का मारलात? मी ते पाहिलं होतं आणि गप्प बसलो? निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, “ज्वारी कुठून घेतोस रे बार्शीत?”

“बाजारातून.”

“बरी असतात का तिथली माणसं?”

“एका हातानं अधू आहेत,” मी म्हणालो. काकूंनी पदर तोंडाशी नेला आणि आत गेल्या. त्यांना पोच द्यावी लागली नाही.

त्यानंतर मी चार कागद फाडले. एकदा वाटलं, राहू दे, म्हाताऱ्या माणसाला या वयात हे कशाला. दुसऱ्या क्षणी वाटलं, जे लिहिल्यावाचून राहवत नाही ते लपवायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं? शनिवारी सकाळी लिहून झालं, नक्कल उतरवली आणि लगेच पेटीत टाकलं. तेव्हापासून शाळा सुटली की मी भुसार बाजाराच्या रस्त्यानं घरी येतो. तो लांबचा आहे. दुकानापुढून जाताना आत बघायचा धीर होत नाही.

जाणाऱ्या पत्राची नक्कल ठेवावी, हेही त्यांनीच शिकवलं. ती ही.

श्री

तीर्थरूप काकांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मागल्या रविवारी आपण बार्शीत काय विशेष असे विचारले तेव्हा मी काही नाही म्हणालो. ते खोटे होते. ती नोंद कृपया खोडावी.

दादा मला भेटले. मी शोधायला गेलो नव्हतो, आपणास दिलेला शब्द मोडलेला नाही. ते सांगतात की लग्नाच्या कार्डावर त्यांनी लोभ असावा लिहिले होते. आत जागा नव्हती म्हणून पत्त्याच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, लो. अ. एवढेच. आपला शिक्का त्याच कोपऱ्यात आहे. शिक्क्याच्या शाईने पेन्सिल ओली होऊन एकरंग झाली असावी असे मला वाटते.

ते कार्ड आपण मला दाखवले तेव्हा चौकटीबाहेर आलेली एक मात्रा मी पाहिली होती. मी विचारले नाही. आपण रागवाल आणि पुन्हा मला अहो म्हणाल, अशी भीती वाटली. तो दोष सर्वस्वी माझा आहे. त्याबद्दल वहीत माझ्या नावाखाली लाल रेघ आली तर मी तक्रार करणार नाही. मात्र आण्णांना काही कळवू नये. त्यांना वाटते मी आपलाच आहे.

कदाचित माझी चूक होत असेल, आणि खाली काहीच नसेल. म्हणून आपण स्वतः पाहावे. डोळ्यांनी दिसणार नाही. शिक्क्यावरून बोट फिरवावे. घाईत लिहिणाऱ्या माणसाच्या पेन्सिलीचा दाब कागदात राहतो.

दादांचा उजवा हात चालत नाही. नाही तर त्यांनीच लिहिले असते, असे ते म्हणाले. त्यांची मुलगी अजून माहेरी आली की काकांची खुशाली विचारते, हेही त्यांनी सांगितले.

या पत्राची पोच मला नको. द्यायची झाल्यास ती दादांना द्यावी. ते अजून त्याच दुकानात बसतात.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

ता. क. – पत्त्याच्या बाजूला मी पत्त्याखेरीज काहीही लिहिलेले नाही. शिक्क्यासाठी डावीकडचा वरचा कोपरा मोकळा सोडला आहे.